बंद पडलेलं कौलारू घर: पुढच्या पावसाआधी काय करायचं

कोकणातलं कौलारू घर म्हातारपणाने पडत नाही, एका सरकलेल्या कौलाने पडतं. कौल सरकलं की पाणी रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवर येतं. रीप कुजली की तिच्यावरची ओळ खाली घसरते आणि भोक हातभर होतं. मग पाणी वाशावरून, म्हणजे रिपांखालच्या उतरत्या लाकडावरून वाहत भिंतीच्या माथ्यावर उतरतं आणि तिथे भिंतीत टेकलेलं वाशाचं टोक कुजायला लागतं. दोन पावसाळ्यांत ओल दिसते, चार-पाच पावसाळ्यांत आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) वाकतं. नांदत्या घरात हे सरकलेलं कौल त्याच रात्री कळतं, कारण कोणाच्या तरी अंथरुणावर थेंब पडतो. बंद घरात थेंब कोणावर पडणार?

नांदत्या घराला आणखी एक गोष्ट मिळत असते. चुलीचा धूर रोज माळ्यावर जाऊन लाकूड सुकं ठेवतो आणि किडीला टिकू देत नाही. केर काढताना कोळिष्टकं निघतात, सारवताना वाळवीची रेघ दिसते. घर बंद झालं की ही सगळी देखभाल थांबते. ती वर्षातून मोजक्या दिवसांत कशी भागवायची, ते इथे क्रमाने दिलं आहे. रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातलं चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) किंवा मातीच्या भिंतींचं, लाकडी छपराचं, मंगलोरी कौलांचं घर डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

क्रम सोडू नका: आधी छप्पर, मग जोत्याभोवतीचं (घराच्या चौथऱ्याभोवतीचं) पाणी, मग झाडं आणि वाळवी, मग हवा, आणि सगळ्यांत शेवटी रंग. बहुतेक घरांत पैसे नेमके उलटे खर्च होतात. गणपतीच्या तोंडावर दर्शनी भिंतीला रंग लागतो, ओटीवर चकचकीत फरशी बसते, आणि वर आढ्याजवळ बोटभर फटीतून आभाळ दिसत असतं.

कुलूप उघडण्याआधी

पहिल्या दिवशी एकट्याने जाऊ नका. पायात जाड बूट, फुल पँट, हातमोजे, नाकाला मास्क, हातात लांब काठी आणि चांगली बॅटरी. फुरसं पालापाचोळ्यात आणि चिऱ्यांच्या फटीत बसतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं. नाग आणि घोणस उंदरांच्या मागे आत येतात. पुढचं-मागचं दार उघडा, काठी आपटा आणि अर्धा तास बाहेर थांबा. उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, म्हणून अनवाणी फिरू नका आणि हातापायाला जखम असेल तर झाकून घ्या. जुनी भांडी धुतल्याशिवाय वापरायची नाहीत. गांधीलमाश्यांचं किंवा मधमाश्यांचं पोळं असेल तर ते काढणारा माणूस आणल्याशिवाय छपराला हात लावू नका.

विजेचा मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. उंदीर वायरीचं आवरण कुरतडतात आणि ओल्या भिंतीतून झटका बसतो. वायरमनने तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नये. माळ्यावर चढण्याआधी फळ्या काठीने ठोकून पाहा आणि पाय नेहमी खाली तुळई (भार पेलणारं जाड आडवं लाकूड) आहे तिथेच ठेवा.

मग मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक खोलीचे चार कोपरे, छपराचं प्रत्येक पाखं (उतरती बाजू), बाहेरून चारही भिंती. पुढच्या प्रत्येक खेपेला त्याच जागी उभं राहून तेच फोटो. तडा वाढतोय की तसाच आहे, हे आठवणीतून सांगता येत नाही.

छप्पर

भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून माजघरात आणि माळ्यावर उभे राहा. पाच मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसतो, तिथून पाणी येणार. काचेचं कौल अर्थात वेगळं. प्रत्येक ठिपक्याच्या सरळ खाली जमिनीवर खडूने फुली मारा. त्यानंतर वाशांवरचे काळे ओघळ शोधा. पाणी वाशाच्या उतारावरून चार-पाच फूट वाहून मग टपकतं, त्यामुळे गळतीचं मूळ ओघळाच्या वरच्या टोकाला असतं, डबकं साचलंय तिथे नव्हे.

लाकूड तपासायला जाड पेचकस पुरे. वाशाचं भिंतीत गेलेलं टोक, आढ्याखालचा सांधा, कोनवासे (कोपऱ्यातले तिरके वासे) आणि पन्हळीखालचे (दोन पाखी मिळतात त्या खोलगट रेषेखालचे) वासे, ही चार ठिकाणं चुकवू नका. पेचकस अर्धा इंच सहज घुसला तर ते लाकूड गेलं. ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल तर आतून पोकळ. फणस, साग, ऐन, किंजळ यांचे वासे नुसते वरून काळवंडलेले असले तरी आत बहुधा खणखणीत निघतात. आंब्याच्या लाकडावर मात्र भरवसा ठेवू नका.

वाशाचं फक्त टोक कुजलं असेल तर अख्खा वासा बदलण्याची गरज नसते. कुजका भाग कापा, शेजारी त्याच जाडीचा जोडवासा द्या. चांगल्या लाकडावर तो किमान दोन-अडीच फूट चढला पाहिजे आणि दोन-तीन नटबोल्टांनी आवळला पाहिजे. नुसते खिळे मारलेला जोड पावसात भिजलेल्या कौलांच्या वजनाने उघडतो. एका चौरस मीटरमध्ये साधारण १५ मंगलोरी कौलं बसतात आणि एकेक अडीच किलोच्या आसपास भरतं, शिवाय ओलं कौल पाणी पिऊन आणखी जड होतं. काम करताना टेकू द्यायचा तो तुळईखाली, वाशाखाली नाही. टेकूच्या बुडाशी जाड फळी ठेवा, नाहीतर सारवलेल्या जमिनीत तो खचतो. वर पाचर ठोकून घट्ट करा, पण तुळई उचलली जाईल इतकी ठोकू नका. पंचवीस वर्षांत वाकलेली तुळई एका दुपारी सरळ करायला गेलं की भिंत फाटते.

आता शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, साफ करून पुन्हा बसवणं. ती मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. महिनाअखेरीस कारागीर मिळत नाही आणि उघड्या छपरावर वळवाचा पाऊस गाठतो. अख्खं पाखं एकदम उघडू नका. संध्याकाळपर्यंत झाकता येईल एवढाच, तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा घ्या. आढ्यावरचे कोने (माथा झाकणारी कौलं) आधी उतरवायचे, मग वरून खाली कौलं काढत यायचं. बसवताना उलट, पागोळीकडून (छपराच्या खालच्या कडेकडून) सुरुवात करून वर. प्रत्येक कौल ब्रशने घासून शेवाळ आणि खाचेतली माती काढा. ही माती पाण्याला आडवी येते आणि पाणी खाचेवरून उलटून आत पडतं, म्हणूनच न फुटलेली कौलंही गळतात. बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर त्यात केसासारखा तडा आहे.

नव्या माणसाची इथे एक चूक हमखास होते. मंगलोरी कौलं सगळी सारखी दिसतात, पण कारखान्यागणिक त्यांचं माप आणि खाच वेगळी. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यानंतर तिथे आणि मलबारात असे अनेक कारखाने निघाले, आणि कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. दोन ठशांची कौलं शेजारी बसवली की खाच नीट बसत नाही आणि फट राहते. म्हणून पाठीमागच्या पाख्यावरची चांगली जुनी कौलं काढून दर्शनी पाखं एकाच ठशाचं पूर्ण करा आणि नवीन कौलं सगळी मिळून मागच्या पाख्यावर घाला. नवीन कौलासाठी रिपांमधलं अंतरही बदलावं लागू शकतं, ते साधारण साडेबारा इंच असतं. आधी चार कौलं मांडून बघा आणि मगच रिपा ठोका. उरलेली ५० ते १०० जुनी कौलं भिंतीला उभी टेकवून, पाण्यापासून दूर ठेवा. ती पुढच्या दहा वर्षांची शिदोरी आहे.

पागोळीच्या दोन ओळी आणि पाख्याच्या कडेची कौलं गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधा. तार ओवायला कौलाच्या पाठीवरच्या कानाला बहुधा भोक असतं. वारा कौल उचलतो तो कडेपासूनच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात हे सगळ्यांनी पाहिलं.

कोने बसवताना कडक सिमेंट मॉर्टर वापरू नका, लाकूड हललं की ते सुटतं. १ भाग सिमेंट, २ भाग चुना, ९ भाग वाळू हे प्रमाण ठीक. दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा दोन्ही बाजूंना कौलाखाली किमान १५ सेंटिमीटर गेला पाहिजे. घरावर आलेल्या फांद्या तीन मीटरपर्यंत छाटा. पाला पन्हळीत साचतो, नारळ कौल फोडतो, आणि माकडं फांदीवरूनच छपरावर उतरतात.

माकडांना कंटाळून लोक कौलं काढून पत्रे घालतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, वर्षातले अकरा महिने रिकाम्या घरात रोज फुटणारी कौलं कोण बदलणार? पण घालायचेच असतील तर जुने वासे आणि आढं तसंच ठेवून वरून लोखंडी पट्ट्यांवर घाला, पत्रा आणि लाकूड यांत हवेची जागा सोडा आणि पत्रा हुक-बोल्टने आवळा. कौलं विकू नका.

छपराखाली प्लायवूड किंवा पीओपीचं सिलिंग मात्र कधीही लावू नका. गळती त्याच्यावर साचत राहते आणि दिसते तेव्हा वासे गेलेले असतात.

जोत्याभोवतीचं पाणी

घर रिकामं राहिलं की पालापाचोळा कुजून, पागोळ्यांनी माती उडून, जोत्याभोवतीची जमीन दरवर्षी थोडी वर येते. दहा-पंधरा वर्षांत जोत्याचा खालचा थर मातीत जातो. चिरा सच्छिद्र असतो, तो स्पंजासारखा पाणी वर ओढतो, आणि वाळवीला भिंतीत शिरायला पूल मिळतो. कुदळीने ही माती काढा. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली हवी, आणि पहिल्या मीटरमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा उतार बाहेरच्या दिशेने हवा.

पागोळ्या पडतात त्या रेषेवर फूटभर रुंद, तितकाच खोल चर खणा, त्यात चिऱ्याचे तुकडे किंवा खडी भरा आणि तो शेतात किंवा परसात उताराला काढून द्या. डोंगराच्या बाजूने येणारं पाणी घरापासून दहा-बारा फूट आधीच आडव्या चराने वळवा. हा चर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा पाहावा लागतो. तुंबतो तो तेव्हाच. मातीच्या भिंतींना पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून येणाऱ्या सरींसाठी पूर्वीसारख्या झडी, म्हणजे भिंतीबाहेरचे आडोसे बांधा. माडाची झापं मिळाली तर उत्तम, नाहीतर शेडनेट. प्लॅस्टिक भिंतीला चिकटवून लावू नका. आतली वाफ अडते आणि भिंत उलट जास्त भिजते.

भिंतीतली झाडं

पिंपळ, वड, उंबर पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात. चार पानांचं रोप पावसाळ्यात भिंत ओली असताना मुळासकट ओढून निघतं. तेच दोन वर्षांनी नुसतं वरून छाटलं तर मूळ जाड होतं आणि चिरा फुटतो. बोटापेक्षा जाड खोड असेल तर आजूबाजूचे दोन-चार चिरे सोडवून मूळ काढा आणि चुन्यात पुन्हा बांधा. ॲसिड, मीठ, रॉकेल ओतू नका. झाड परत येतं, भिंत मात्र कायमची खराब होते. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर २०२२ मध्ये सरकारने फक्त कीड-नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. त्यांच्याकडून करून घ्यायचं तर ताज्या कापावर लगेच लावायला सांगा, पानांवर फवारून उपयोग नाही.

वाळवी आणि घुण

दोन्ही वेगळ्या किडी आहेत आणि उपाय वेगळे आहेत. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर येते. नळीचा दोन इंचाचा तुकडा मोडा. तीन-चार दिवसांत ती परत बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे. लाकडावर औषध मारून ती जात नाही, जमिनीत अडवावी लागते. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर ३० सेंटिमीटरच्या अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात. इमारतींसाठी नोंदणी असलेलं इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के घ्या आणि लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळा. जास्त घातल्याने जास्त उपयोग होत नाही. विहीर घराला लागून असेल तर त्या बाजूला औषध ओतूच नका, तिथे नळ्या हाताने मोडत राहा. बाहेर भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं, नारळाची सोडणं, पेंढा आधी हलवा, नाहीतर औषधाचे पैसे वाया.

घुण लाकडातच राहतो आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. भुगा पुसून जमिनीवर कागद अंथरा. पुढच्या खेपेला कागदावर ताजा, फिकट भुगा दिसला तर कीड चालू आहे. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा आणि कोरड्या, रंग नसलेल्या लाकडावर ब्रशने दोन-तीन हात द्या. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या लाकडासाठी. बाहेरच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल जुना आणि खरा उपाय आहे, पण ते कातडीला लागलं की फोड येतात, हातमोज्यांशिवाय डबा उघडू नका. जळकं ऑइल मारण्याची पद्धत सोडून द्या. ते वरच्यावर राहतं, घुणाला काही होत नाही, आणि लाकूड पेटायला सोपं होतं.

हवा

घर घट्ट बंद करणं ही चांगली सवय वाटते, पण पावसाळ्यात आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर बुरशी गाद्यांपासून देवघरापर्यंत जाते. बाहेरची दारं लावा, आतली सगळी उघडी ठेवा. कपाटांची दारं उघडी, पेट्या विटांवर, फर्निचर भिंतीपासून सहा इंच दूर. झरोके बुजवू नका, त्यांना ६ मिलिमीटरची जाळी मारा. उंदीर आणि साप बाहेर राहतात, वारा आत येतो. धान्य, गाद्या, जुने कागद घरात ठेवू नका. प्रत्येक खोलीत एक काचेचं कौल बसवा, उजेड असला की तपासणी सोपी होते. प्रत्येक खेपेला आधी माळ्यावरचा पालापाचोळा आणि जाळी झाडून चूल पेटवा आणि दोन-तीन तास धूर होऊ द्या, पण कोणीतरी समोर बसलेलं असावं.

संडासाच्या भांड्यातलं पाणी सुकलं की वास आणि झुरळं वर येतात, भांड्यावर जड झाकण ठेवून जा. टाकी रिकामी करा. सिलिंडर घरात सोडू नका.

भिंती आणि चुना

चिऱ्याच्या भिंतीला खालून ओल येत असेल आणि त्यावर सिमेंटचा गिलावा असेल, तर पाणी बाहेर पडू शकत नाही आणि आणखी वर चढतं. खालच्या एक मीटरचा गिलावा ऑक्टोबरमध्ये काढा, जानेवारीपर्यंत भिंत सुकू द्या, मग चुन्याचा करा. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा, प्लॅस्टिक वितळेल. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. पाण्याखाली किमान १५ दिवस मुरू द्या. १ भाग चुना, ३ भाग वाळू, एका वेळी १२ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, आणि आठवडाभर ओलं गोणपाट. मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला हे काम जमत नाही, गावातल्या माणसावर सोपवावं लागतं.

तड्यावर आडवी, पातळ चुन्याची टिकली लावा आणि तारीख लिहा. टिकली फुटली तर तडा चालू आहे. तो ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल किंवा भिंत बाहेर झुकलेली असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भरू नका.

कागद आणि माणूस

घरपट्टी थकू देऊ नका आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दरवर्षी काढून पाहा, घराचं क्षेत्रफळ आणि नावं बरोबर आहेत ना ते. घर सामाईक असेल तर छपराला हात लावण्याआधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. काकांची शाखा पैसे देत नाही म्हणून छप्पर अडून राहिलेली घरं प्रत्येक वाडीत आहेत. खर्चाचा हिशेब आणि हिस्सा हे दोन विषय वेगळे ठेवा.

कोणाला राहायला दिलं तर लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार नोंदवूनच द्या. नुसती देखरेख असेल तर शेजारच्या माणसाला काय बघायचं ते ठरवून द्या: पहिल्या मोठ्या पावसानंतर, जुलैच्या मध्याला आणि प्रत्येक वादळानंतर आत जाऊन छपराचे चार फोटो. त्याचे पैसे ठरवून द्या. नुसत्या ओळखीवर चाललेली देखरेख तिसऱ्या वर्षी थांबते.

बाकीच्या खेपा चाकरमान्यांच्या वेळापत्रकात आपोआप बसतात. मे महिन्यात शाकारणी आणि चर. गणपतीत गळती आणि पिंपळाची रोपं. शिमग्याला वाळवी, घुण आणि चुन्याचं राहिलेलं काम, कारण तेव्हा सगळं कोरडं असतं.

पैसे पुरत नसतील तर

माजघर आणि देवघर वाचवा, मागची पडवी सोडा. कुजलेलं पडवीचं छप्पर मुख्य घराच्या भिंतीवर ओढ देत असेल तर ते स्वतःच उतरवणं बरं, पडू देऊ नका. कौलं ओळीने मोजून उभी रचा, चांगले वासे जमिनीपासून वर, छपराखाली ठेवा. उघड्या पडलेल्या भिंतीचा माथा त्याच दिवशी चुन्यात कौलं बसवून दोन्ही बाजूंना उताराने झाका, कडेला कौल भिंतीच्या दोन इंच बाहेर येऊ द्या. माथा उघडा राहिला तर मातीची भिंत एका पावसाळ्यात वरून विरघळत येते, आणि मग ती माजघराच्या भिंतीलाही सोबत घेऊन बसते.